आधी चढ, मग पक्षी: पुण्याच्या टेकड्यांवर चालणं आणि पक्ष्यांचे फोटो यांची सांगड

चढताना कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत राहू द्या. हे ऐकून नवे लोक हिरमुसतात, कारण पायथ्याशीच बुलबुल बसलेला असतो आणि तो सोडवत नाही. पण चालण्याचा उपयोग व्हायचा तर ते सलग हवं, श्वास वाढायला हवा, अंगाला घाम यायला हवा. फोटोला लागतं ते नेमकं उलट: रोवलेले पाय, शांत श्वास, आणि हालचाल जवळजवळ नाहीच. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की चालणंही होत नाही आणि फोटोही हलतो.

मी पहिलं वर्ष असंच घालवलं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून वेताळ टेकडीवर जायला लागले, चार महिन्यांनी हातात कॅमेरा आला आणि चालणं जवळपास थांबलं. रोज दोन तास टेकडीवर असायचे, पण त्यातलं खरं चालणं जेमतेम वीस मिनिटांचं. पुढच्या तपासणीत साखर होती तिथेच. मग सकाळचे तीन भाग पाडले: चढ, थांबणं, उतार. चढात कॅमेरा बंद, थांबल्यावर चालणं बंद, उतारात पुन्हा कॅमेरा बंद. सहा महिन्यांत साखर आटोक्यात आली आणि फोटोही आधीपेक्षा चांगले यायला लागले. हे कसं बसवायचं ते क्रमाने सांगते.

पहिला महिना कॅमेऱ्याविना

पहिले दोन आठवडे फक्त चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झाला तरी सुरुवात पुरेशी. श्रम मध्यम आहेत की नाही हे कळायला घड्याळ लागत नाही. सोबतच्या माणसाशी बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलणंही जमेना झालं तर वेग कमी करा. रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर चढ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि 'टेकडी चढणार आहे' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'चालू का?' विचारलं की 'चाला' असं उत्तर मिळतं, आणि सपाट रस्ता वेगळा, चढ वेगळा.

चढाची सवय अजिबात नसेल तर पर्वतीच्या पायऱ्या उत्तम. शंभराहून थोड्याच जास्त आहेत, रुंद आहेत, दम लागला तर टेकायला कठडा आहे. तिथे आठवडाभर चढउतार केला की टेकडीची वाट अंगावर येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळ्यात दुर्बीण अडकवा. ८×४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं, भिंगं ४२ मिलिमीटरची असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ येतं, आणि हाताच्या थरथरीचा त्रास होत नाही. दहापटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण चढून आल्यावर तीच नाचते. दुर्बिणीचे हे दोन आठवडे टाळू नका. पक्षी कुठे बसतो, किती वेळ बसतो, उडाला की कुठल्या फांदीवर परत येतो, हे या दिवसांत कळतं. फोटो त्या माहितीवर मिळतो. लेन्सचं काम त्यानंतरचं.

एकच टेकडी धरा

पुण्यात राहणाऱ्यांना निवड भरपूर आहे. वेताळ टेकडी, तिच्या अंगाखांद्यावरच्या हनुमान टेकडी आणि पाषाण-पंचवटीच्या वाटा, दक्षिणेला तळजाई, पश्चिमेला बाणेर. शनिवार-रविवारी दूर जायचं तर सिंहगड. माझं मत असं की पहिल्या वर्षी घराजवळची एकच टेकडी धरावी आणि तीच आठवड्यातून तीन-चार वेळा करावी. रोज नवी जागा शोधणाऱ्याला पक्षी खूप दिसतात, पण ओळखीचा एकही होत नाही.

वेताळ टेकडीचं उदाहरण घेते, कारण मला तीच माहीत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातली सगळ्यात उंच जागा. पुणे शहर साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोनशेच्या वर मीटरचा चढ मिळतो. व्यायामाला तो पुरेसा आहे आणि घरी परतून कामावरही जाता येतं. पण पक्ष्यांच्या दृष्टीने ही एक टेकडी नाहीच, चार-पाच वेगवेगळी घरं आहेत. उघडं गवत आणि खडक असलेल्या माळावर चीरक, चंडोल आणि तितर. उतारावरच्या सालईसारख्या देशी झाडांत आणि बोरी-बाभळींत सातभाई, नाचण, वटवट्या. गिरिपुष्पाची जी दाट लागवड आहे तिथे सावली छान, पण पक्षी त्या मानाने कमी. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठतं, तिथे उन्हाळ्यात सगळ्यांची ये-जा. आणि वस्तीकडच्या कडेला वड-उंबर आहेत, त्यांवर तांबट, कोकीळ, आणि नशीब असेल तर हरियल. हरियल हा आपला राज्यपक्षी. थंडीत सकाळी उंच शेंड्यावर ऊन खात निवांत बसलेला असतो. पाय पिवळेधमक दिसले की दुसऱ्या कुठल्या हिरव्या कबुतराशी गल्लत होत नाही.

तुमच्या टेकडीचा असा नकाशा कागदावर काढा. अगदी वेडावाकडा चालेल. माळ कुठे, पाणी कुठे, फळझाडं कुठली, सकाळचं ऊन आधी कुठे पडतं. पहिल्या महिन्यात हे काम जरूर करा.

कॅमेरा आणि पाठीवरचं वजन

इथे बहुतेकजण आधी लेन्सचे आकडे बघतात आणि मग वजन. चालायचं असेल तर क्रम उलटा ठेवा. १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स एकटीच दोन किलोंच्या आसपास असते. त्यात कॅमेरा, लिटरभर पाणी, दुर्बीण आणि खाऊ धरलं की पाठीवर साडेचार-पाच किलो. पन्नाशीच्या आसपासच्या, नुकतंच चालायला लागलेल्या माणसाने सगळं मिळून चार किलोंच्या आत राहावं असं मी म्हणेन. खाली तीन पर्याय आहेत, पहिला सगळ्यात हलका.

किलोभर वजनाचे, मोठ्या झूमचे, लेन्स न बदलणारे कॅमेरे. हे चालणाऱ्यांसाठी फार सोयीचे आहेत. लांबचा पक्षी जवळ आणतात. अंधुक उजेडात आणि उडत्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र कमी पडतात.

छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि ७० ते ३०० ची लेन्स. माझ्याकडे हेच आहे. सेन्सर लहान असल्यामुळे ३०० ची लेन्स साधारण ४५० सारखी चालते. सातभाई, बुलबुल, वेडा राघू, कोतवाल यांना तेवढं पुरतं, कारण टेकडीवरचे हे पक्षी माणसांना सरावलेले असतात.

तिसरा पर्याय ४०० किंवा ६०० पर्यंतची झूम. वर्षभर चालून झाल्यावर, पाठ आणि खांदे तयार झाल्यावर घ्या. आणि मग आठवड्यातून एकदाच न्या.

कॅमेऱ्यासोबत येणारा गळ्यातला पट्टा घरी ठेवा. सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी मान आखडते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा आडवा पट्टा किंवा पिशवीला अडकणारी कडी घ्या. तिपाई टेकडीवर नको. हवीच असेल तर एका पायाची काठी न्या, ती उतारावर आधारालाही कामाला येते.

आदल्या रात्री

बॅटरी भरून ठेवा, कार्ड रिकामं करा, बूट दाराशी काढून ठेवा. कपडे मातकट, खाकी किंवा सुक्या गवताच्या रंगाचे. पांढरा टी-शर्ट आणि भगवी टोपी घातलेला माणूस पक्ष्याला पन्नास पावलांवरून दिसतो. अत्तर, डिओ काही लावू नका. आपल्याकडच्या कडेकपारीत, गडांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने, धुराने ती उठतात. सिंहगडाला जाणाऱ्यांनी हे विशेष पाळावं.

खाऊ म्हणून गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी किंवा दोन खजूर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवायलाच हवी, पिशवीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. वेळ आली तेव्हा हात थरथरत असतात आणि चेन उघडत नाही.

निघण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदला. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मे अखेरीस सहाच्या आसपास. उगवतीनंतरचे पहिले दोन तास फोटोचे, कारण उजेड तिरपा आणि मऊ असतो आणि पक्षी चरायला बाहेर पडलेले असतात. चढायला तुम्हाला पस्तीस मिनिटं लागत असतील तर उगवतीच्या साधारण वीस मिनिटं आधी पायथ्याशी हवं. झुंजुमुंजू झालेलं असतं, वाट दिसते, आणि माथ्यावर पोचेपर्यंत ऊन पडतं. गडद अंधारात एकट्याने मात्र चढू नका. टेकड्यांवर आडबाजूला लुटालुटीचे प्रकार झाले आहेत. दोघं-तिघं मिळून जा, नेहमीच्या वाटेने जा, आणि घरी सांगून जा. महागडा कॅमेरा पिशवीत असण्याचा हाही एक फायदा आहे.

चढ

पहिली पाच मिनिटं हळू. सांधे आणि स्नायू गरम होऊ द्या. मग एकसारखा वेग पकडा आणि तो माथ्यापर्यंत सोडू नका. पावलं लहान टाका, मोठी ढांग टाकली की मांडी लवकर थकते. नाकाने श्वास घेता येतोय तोवर वेग बरोबर आहे.

या वेळात डोळे वाटेवर आणि कान मोकळे ठेवा. कानात गाणी लावून चढणाऱ्यांचं नुकसान त्यांनाच कळत नाही. चढताना मी फक्त ऐकते आणि मनात नोंद करते: पहिल्या वळणावर तांबटाची टुक-टुक, खाणीच्या बाजूला टिटवी ओरडतेय म्हणजे तिथे कुत्रं किंवा माणूस गेलंय, वरच्या बाभळींत सातभाईंचा कलकलाट. माथ्यावर पोचेपर्यंत कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं. आवाज ओळखायला मर्लिन ॲप चांगलं आहे. मात्र त्याने सुचवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पक्कं धरू नका. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि ॲप फसतं.

वाटेत फारच दुर्मीळ काही दिसलं तर? थांबा आणि बघा. कॅमेरा काढेपर्यंत तो बहुतेक वेळा उडालेला असतो, म्हणून दुर्बिणीनेच बघा. असा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. त्यासाठी रोजचा चढ मोडू नका.

थांबणं

माथ्यावर पोचलात की लगेच कॅमेरा काढू नका. पाणी प्या, तीन-चार मिनिटं उभे राहा. छाती धडधडत असताना लांब लेन्सचं टोक प्रत्येक ठोक्याला हलतं. श्वास खाली आला की कॅमेरा काढा.

आता एक जागा निवडा आणि वीस मिनिटं तिथून हलू नका. सूर्य पाठीशी, समोर दहा-बारा मीटरवर पक्षी बसेल अशी एखादी जागा: सुकी फांदी, उंचवट्यावरचा दगड, कुंपणाचा खांब. पक्ष्याचा पाठलाग करायचा नाही, त्याच्या बैठकीसमोर आपण बसायचं. बसणं शक्यतो उकिडवं किंवा मांडी घालून, म्हणजे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत जमिनीवरच्या पक्ष्याची नुसती पाठ दिसते. गुडघे दुखत असतील तर कापडी घडीचं छोटं स्टूल आणा, त्यात कमीपणा नाही.

गेल्या माघातली एक सकाळ सांगते. खाणीच्या वरच्या अंगाला हातभर उंचीचा एक काळा दगड आहे, त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे डाग आहेत. डाग म्हणजे तिथे रोज कुणीतरी बसतं. मी आठ पावलं मागे, करवंदीच्या आडोशाला मांडी घातली. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग गवतातून चीरकाचा नर आला, पण दगडावर नाही, बाजूच्या मातीत. दोन उड्या, थांबला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा उचलला नाही. त्याने मुंगळा टिपला, आणखी दोन उड्या मारल्या, आणि मग सरळ दगडावर. तिथे त्याने शेपटी पाठीवर उभी केली आणि शेपटीखालचा विटकरी रंग तिरप्या उन्हात एकदम पेटला. एरवी हा पक्षी दुरून नुसता काळा दिसतो, लोक त्याला ढुंकूनही बघत नाहीत. डोळ्यात उन्हाचा ठिपका आला तेव्हा मी बोट दाबलं. सात फोटो, त्यातले दोन ठेवण्यासारखे. तेवढ्यात वाटेवरून रोजचे एक काका गेले, त्यांनी लांबूनच हात केला आणि आवाज न करता पलीकडून वळसा घेतला. वर्षभराच्या ओळखीने इतकं कळतं.

डोळ्यातला तो ठिपका महत्त्वाचा आहे. पक्ष्याच्या डोळ्यात उजेड नसेल तर पिसांचा रंग कितीही सुंदर असू दे, फोटो निर्जीव वाटतो. फोकस नेहमी डोळ्यावर.

वीस मिनिटांनी दुसरी जागा. सकाळी दोन, फार तर तीन जागा होतात.

कॅमेऱ्याच्या खुणा

शटरचा वेग आधी ठरवा. बसलेल्या पण चुळबुळ्या पक्ष्याला सेकंदाचा हजारावा भाग, उडणाऱ्याला दोन हजारावा. उजेड कमी असेल आणि पक्षी अगदी स्थिर असेल तर पाचशेव्या भागापर्यंत खाली या, त्याच्या खाली हात सांभाळत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा आणि वरची मर्यादा ३२०० ठेवा. थोडे दाणे आलेला स्पष्ट फोटो घरी सुधारता येतो, हललेल्याला उपाय नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या प्रकारावर, आणि एका दमात अनेक फोटो निघतील असा पर्याय चालू.

उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) शिका, हिने सगळ्यात जास्त फरक पडतो. गायबगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर पाऊण ते एक घर (स्टॉप) उणे, नाहीतर पिसं चुन्यासारखी सपाट होतात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेला कोतवाल असेल तर एक घर अधिक, नाहीतर नुसती काळी सावली मिळते. कॅमेरा बदलण्याआधी ही एवढी गोष्ट महिनाभर करून बघा.

कुठल्या महिन्यात काय

सुरुवात नोव्हेंबरात करा. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. हवा चालायला उत्तम, थंडीचे पाहुणे आलेले. टेकडीवर थिरथिरा दिसेल: सतत शेपटी थरथरवत दगडावरून दगडावर. गप्पीदास गवताच्या तुऱ्यांवर, शिक्रा बाभळीत. एखाद्या रविवारी चढाला सुट्टी द्यायची असेल तर सोलापूर रस्त्यावरच्या कवडी पाटला जा. तिथे चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, धोबी असे पाणपक्षी नदीच्या पात्रात जवळून मिळतात. नदीतला कचरा आणि फेस बघून जीव तुटतो, पण जा.

फेब्रुवारी-मार्च हा माझा सगळ्यात आवडता काळ. काटेसावर, पळस, पांगारा फुलतात आणि मधासाठी सगळे एका झाडावर जमतात: भोरड्यांचे थवे, शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल. फुललेली एक काटेसावर शोधा, सूर्य पाठीशी घ्या आणि तासभर तिथेच थांबा. झाडाच्या बुंध्याशी उभं राहिलं की नुसती पोटं दिसतात. उतारावर फुलांच्या उंचीची जागा शोधा. टेकडीचा हा फायदा सपाटीवर मिळत नाही.

एप्रिल-मे मध्ये उगवतीला पोचून आठपर्यंत खाली उतरा. पाणी दीड लिटर. खाणीच्या पाण्यापाशी पक्षी येतात, पण तिथे पाण्याच्या अगदी काठावर बसून त्यांची वाट अडवू नका. पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू करतो. मे अखेर ते जूनमध्ये आफ्रिकेतून चातक येतो, आणि सिंहगडाच्या बाजूच्या झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते.

पावसाळ्यात मी फोटो कमी आणि चालणं जास्त करते. शेवाळलेल्या खडकावर चांगले बूटही घसरतात, सिंहगडची पायवाट तर ओढा होते. पण सुगरणीची घरटी विणायला लागलेली असतात आणि पिवळेधमक नर पंख फडफडवत लटकतात. तेवढ्यासाठी पाऊस उघडलेली सकाळ पकडावी, लांबून, झुडपाआडून. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि आत कोरडा पंचा.

सिंहगडाचं वेगळं सांगायचं तर तो सुमारे १,३०० मीटर उंच आहे, आणि आतकरवाडीकडून पायवाटेने चढायचं म्हणजे टेकडीच्या दुप्पट-अडीचपट काम. तीन महिने नियमित टेकडी झाल्याशिवाय कॅमेऱ्यासकट जाऊ नका. पक्ष्यांसाठी गडापेक्षा पायथ्याच्या खोऱ्यातली झाडी चांगली, आणि रविवारपेक्षा मधला वार चांगला. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन मग फोटो काढायचा विचार असेल तर तोपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

उतार

उतरण्याआधी कॅमेरा पिशवीत, पिशवी दोन्ही खांद्यांवर, हात मोकळे. तीन वर्षांपूर्वी मी कॅमेरा हातात धरून उतरत होते. बारीक खडीवरून पाय सटकला, उजवा हात कॅमेरा वाचवायला वर गेला आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. सहा आठवडे प्लास्टर. कॅमेऱ्याला ओरखडाही नव्हता. हात मोकळा असता तर बसकण मारून सुटले असते.

उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी चढापेक्षा उताराने जास्त दुखतं. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, नागमोडी उतरा, पळत उतरू नका. खाली आल्यावर पोटऱ्या, मांड्या आणि मानेला ताण द्या. दुर्बीण-कॅमेऱ्याने मान पुढे आलेली असते. हनुवटी मागे घेऊन दहा सेकंद धरायची, असं पाच वेळा.

गवतात आणि दगडांच्या कपारीत हात घालू नका. टेकड्यांवर फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. चावलंच तर चिरणं, चोखणं, दोरी आवळणं काही करायचं नाही. त्या माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यायचं. जवळचं असं रुग्णालय कुठलं हे आजच शोधून फोनमध्ये ठेवा.

पक्ष्याला त्रास होतोय हे कसं ओळखायचं

तो चरायचा थांबला, अंग आखडून तुमच्याकडेच बघत राहिला, सारखा तोच धोक्याचा आवाज काढू लागला, किंवा चोचीत किडा घेऊन घरट्याकडे न जाता इकडेतिकडे बसत राहिला, की मागे सरा. दहा पावलं नाही, तिथून निघूनच जा. चोचीत घास धरलेला पक्षी तुमच्यामुळे थांबला असेल तर पिल्लं उपाशी आहेत.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, हे मी हात जोडून सांगते. फांदी बाजूला केली की ऊन आणि कावळे दोन्ही आत जातात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर आलाय, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. आमिषाचे किडे टाकू नका. पिंगळ्यावर फ्लॅश नको. घुबडांच्या, घरट्यांच्या जागा फोटोसोबत टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस माणसं उभी असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पक्ष्यांची अंडी-घरटी यांना हात लावणं त्यात गुन्हा ठरतं. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

घरी आल्यावर

आंघोळ, नाश्ता, मग फोटो. आधी निर्दयपणे पुसा. दोनशेतले दहा ठेवा. उरलेल्यांना तारीख, जागा आणि पक्ष्याचं मराठी नाव द्या. सोबत दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, फोटो मिळाला नसला तरी. संशोधकांना त्या नोंदींचा उपयोग होतो आणि तुमची वर्षभराची वहीही आपोआप तयार होते. चालण्याची मिनिटं वेगळी लिहा, टेकडीवर घालवलेला वेळ त्यात धरू नका. आठवड्याचं गणित बसतंय का, ते तिथेच कळतं. माझं असं आहे: दोन दिवस नुसतं भरभर चालणं, एक दिवस दुर्बीण, एक दिवस कॅमेरा.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात पिशवीसकट ठेवू नका. पुण्याच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, जाळ्यासारखे पांढरे धागे, आणि ते काढायला लेन्स उघडावी लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि रंग बदलला की त्या वाळवायच्या. एवढ्याने भागतं.

वहीची गोडी दुसऱ्या वर्षी कळते. माझ्या वहीत थिरथिऱ्याची पहिली नोंद ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली, खाणीजवळच्या काळ्या दगडावरची आहे. पुढच्या वर्षीची नोंद तिच्या चार दिवस आधीची, त्याच दगडावरची. यंदा दसरा झाला की मी चढून गेल्यावर आधी पाणी पिणार, श्वास खाली येऊ देणार आणि त्या दगडाकडे तोंड करून बसणार.